अग्रचक्रचालित आडवी सायकल : एका वगळलेल्या रचनेचा इतिहास

सायकल म्हणजे काय, ह्या प्रश्नाला आंतरराष्ट्रीय सायकल संघाच्या नियमावलीत एक निश्चित उत्तर दिलेले आहे. समान व्यासाची दोन चाके असलेले, पुढचे चाक वळविता येणारे व मागचे चाक पेडल आणि साखळी यांच्या योगे फिरविले जाणारे वाहन ते सायकल, असा 1.3.006 ह्या कलमाचा आशय आहे. वाक्य इतके साधे आहे की त्यात वादाचा विषय असेल असे प्रथमदर्शनी वाटत नाही. तथापि ह्याच कसोटीवर घासून पाहिल्यास 1860 च्या दशकात पॅरिसच्या रस्त्यांवर धावलेले मिशो यांचे वाहन सायकल ठरत नाही. पुढे मोठे व मागे लहान चाक असलेली, इंग्लंडात दीड दशक मिरवलेली उंच सायकलही सायकल ठरत नाही. आणि ज्यात स्वार पाठ टेकून, पाय पुढे पसरून बसतो व पुढचेच चाक पेडलने फिरवितो, ते आजचे विलक्षण वाहन तर दोन्ही बाजूंनी अपात्र ठरते. खेळाच्या नियमाने व्याख्या करावी ह्यात गैर काहीच नाही. परंतु तीच व्याख्या इतिहासलेखकाने नकळत स्वीकारली, म्हणजे यंत्राचा सगळा इतिहास हा एकाच रूपाकडे चालत आलेला प्रवास वाटू लागतो. अग्रचक्रचालित आडव्या सायकलीकडे पाहणाऱ्याला जे कुतूहल वाटते, त्याचे मूळ ह्या समजुतीत आहे. तिच्या अंगी असलेले दोन्ही 'विक्षेप' जुने आहेत. नवे आहे ते त्यांचे एकत्र येणे.

पहिला विक्षेप पुढच्या चाकाला गती देण्याचा. कार्ल फॉन द्राइस यांनी 12 जून 1817 रोजी मानहाइमहून श्वेत्सिंगेनच्या दिशेने जे दुचाकी वाहन नेले, त्याला पेडल नव्हतेच. स्वार जमिनीवर पाय मारीत जाई. पेडल आले ते 1860 च्या दशकात, आणि आले ते पुढच्या चाकाच्या आसावर. त्याचा शोध कोणी लावला ह्याविषयी मिशो आणि लालमाँ यांच्या पक्षपात्यांत जुने भांडण आहे. पिएर लालमाँ यांना अमेरिकेत 20 नोव्हेंबर 1866 रोजी पेटंट मिळाले, एवढी गोष्ट कागदोपत्री आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्या भांडणापेक्षा दोघांनीही पुढचेच चाक निवडले ही गोष्ट महत्त्वाची. स्वाराचे पाय जेथे सहज पोहोचतात तेथे पेडल बसवावयाचे, आणि मध्ये साखळी, दंतचक्र असे काही आणावयाचे नाही, ही त्यामागची सरळ बुद्धी. आपल्या घरांतून लहान मुलांची जी तीनचाकी असते, तिच्यात ही रचना आजही जशीच्या तशी टिकून आहे.

सरळ रचनेची किंमत मात्र लवकरच कळून आली. पेडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. म्हणून वेग हवा तर चाक मोठे हवे. साधारण 90 सेंटिमीटर व्यासाच्या चाकाने एका फेऱ्यात पावणेतीन मीटरांच्या आसपास अंतर तोडता येते. दीड मीटर व्यासाच्या चाकाने पावणेपाच मीटरांच्या जवळपास. उंच सायकलीचे ते अवाढव्य चाक हौसेतून जन्मले नव्हते, ह्या त्रैराशिकातून जन्मले होते. त्या चाकाच्या माथ्यावर बसलेला स्वार वाटेत दगड आला की हँडलवरून डोक्यावर आपटे, हे तिचे दुसरे त्रैराशिक.

येथून पुढची कथा पाठ्यपुस्तकी आहे. 1885 मध्ये कॉव्हेंट्री येथे जॉन केम्प स्टार्ली यांची 'रोव्हर' आली. पेडल मधोमध, साखळी मागच्या चाकाला, दोन्ही चाके जवळपास सारखी. 1888 मध्ये डनलॉप यांच्या हवेच्या टायरने तिला मऊपणा व वेग दोन्ही दिले, आणि उंच सायकल अडगळीत गेली. पण ह्या कथेत एक मधले पान सहसा गाळले जाते. चाक लहान ठेवून वेग वाढविण्यासाठी साखळी मागेच न्यावी लागते असे नाही. 1884 च्या 'कांगारू' सायकलीत पुढच्याच चाकाच्या दोन्ही अंगांना दोन साखळ्या होत्या. 1890 च्या दशकात लंडनच्या क्रिप्टो कंपनीने पुढच्या चाकाच्या तुंब्यातच दंतचक्रांची मालिका बसवून 'बँटम' नावाची ठेंगणी सायकल काढली. तिला साखळीच नव्हती. म्हणजे 'रोव्हर' आल्यानंतरही अग्रचक्रचालनाचा प्रश्न सुटलेला नव्हता असे नव्हे. तो सुटला होता, पण त्या उत्तराला गिऱ्हाईक पुरेसे मिळाले नाही. यंत्रांच्या इतिहासात 'अशक्य' आणि 'अविक्रेय' ह्या दोन शब्दांची गल्लत फार वेळा होते.

दुसरा विक्षेप बैठकीचा. पाठीला टेका देऊन, पाय खाली न सोडता पुढे रेटावयाचे, ही कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच प्रत्यक्षात आलेली होती. जिनिव्हा येथील शालाँ यांनी 1890 च्या दशकाच्या मध्यास अशी एक सायकल केली व तिला 'नॉर्माल' म्हणजे 'स्वाभाविक' असे नाव दिले. नावातला दावा लक्षात घेण्याजोगा आहे: खोगिरावर तोल सावरीत वाकून बसणे अस्वाभाविक आणि खुर्चीत बसल्यासारखे बसणे स्वाभाविक, असा तो युक्तिवाद होता. पहिल्या महायुद्धानंतर झेपेलिन हवाई जहाजांच्या कारखान्यात काम केलेल्या पाउल याराय यांनी जर्मनीत एक आडवी सायकल बाजारात आणली. तिला फिरणारी पेडले नव्हती, पायाने मागेपुढे रेटावयाच्या दांड्या होत्या. ह्या सर्वांत चालते चाक मागचेच होते.

आडव्या बैठकीला खरी परीक्षा द्यावी लागली ती फ्रान्समध्ये. पॅरिसजवळच्या प्युतो येथील शार्ल मोशे हे पेडलने चालणारी चारचाकी गाडी बनवीत. तिचे नाव 'वेलोकार'. ह्या चारचाकीचा जणू अर्धा भाग वेगळा काढून त्यांनी दुचाकी वेलोकार तयार केली: लहान चाके, बैठक खाली, पेडल स्वाराच्या पुढे. तिच्यावर त्यांनी फ्रान्सिस फोर ह्या स्वाराला बसविले. फोर हा पहिल्या प्रतीचा स्वार गणला जात नसे, आणि मोशे यांच्या प्रयोगाच्या दृष्टीने हेच इष्ट होते. ऑस्कर एग यांनी 1914 मध्ये एका तासात 44.247 किलोमीटर अंतर तोडले होते व तो विक्रम एकोणीस वर्षे अबाधित होता. 7 जुलै 1933 रोजी पॅरिस येथे फोरने एका तासात 45.055 किलोमीटर अंतर तोडले. एगपेक्षा 808 मीटर अधिक. त्याच वर्षी 29 ऑगस्टला मॉरिस रिशार याने नेहमीच्या सायकलीवर 44.777 किलोमीटरांची मजल मारली. एगचा विक्रम कोणी मोडला, फोरने की रिशारने, हा प्रश्न संघापुढे उभा राहिला. त्याचे उत्तर देण्यासाठी आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देणे भाग होते: फोर ज्यावर बसला होता ती सायकल होती काय?

वेलोकारचा वेग कोठून आला ह्याविषयी गूढ काही नव्हते. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि तो ओलांडण्यास लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. ताशी चाळीस किलोमीटरांच्या पुढे स्वाराचे बहुतेक बळ हवा बाजूला सारण्यातच खर्च होते. बसल्या जागी अंग आडवे केले की समोरून येणाऱ्या हवेला भिडणारे क्षेत्र कमी होते, एवढाच त्यातला हिशोब. वाहनावर वारा कापणारे कवच बसविण्यास संघाने 1914 मध्येच बंदी केली होती, पण वेलोकारला कवच नव्हते. जे होते ते स्वाराचे शरीर, निराळ्या रीतीने ठेवलेले. 1934 च्या फेब्रुवारीत संघाने निर्णय दिला व सायकलीची मापे ठरवून दिली: पेडलच्या आसाची जमिनीपासूनची उंची, खोगिराच्या टोकापासूनचे त्याचे अंतर, पुढच्या चाकाच्या आसापासूनचे अंतर. पेडल खोगिराच्या टोकापुढे 12 सेंटिमीटरांपलीकडे जाता कामा नये, ह्या एका आकड्याने काम झाले. 1 एप्रिलपासून वेलोकार स्पर्धेबाहेर गेली. रिशारचा विक्रम अधिकृत ठरला. फोरचा एका वेगळ्या रकान्यात नोंदला गेला. मोशे त्याच वर्षी वारले.

ह्या प्रसंगाचे वर्णन आडव्या सायकलीचे अभिमानी जेव्हा करतात, तेव्हा 1934 चा निर्णय हाच तिच्या मृत्यूचा दाखला ठरतो. हे मत पूर्णपणे स्वीकारता येत नाही. शर्यतीतून बाद झालेले यंत्र रस्त्यावरूनही नाहीसे व्हावेच असा नियम नाही. मुंबईत वरळीच्या हिंद सायकल कारखान्यातून निघालेल्या किंवा पुण्याच्या पेठांतून दूध, वर्तमानपत्रे आणि शाळेची मुले वाहून नेणाऱ्या सायकली शर्यतीच्या नियमांकडे पाहून घेतल्या गेल्या नव्हत्या. त्या घेतल्या गेल्या त्या आडव्या दांड्यावर एक माणूस व मागच्या कॅरिअरवर दुसरा बसू शकतो, गल्लीतला दुकानदार त्या दुरुस्त करू शकतो, आणि चढ आला की उभे राहून पेडल मारता येते म्हणून. आडव्या सायकलीत ह्यांतले जवळपास काहीच साधत नाही. शिवाय गर्दीत ती खाली दडते, आणि थांबून पुन्हा निघताना नवख्याचा तोल जातो. बंदीने एवढे मात्र केले की शर्यतीच्या मैदानावर मिळणारी प्रसिद्धी, आणि त्या प्रसिद्धीमागे येणारे कारखानदारांचे भांडवल, ह्या रचनेला मुकावे लागले. सुधारणा होण्यास लागणारा काळ तिला मिळाला नाही. दोषांपेक्षा दोष दूर करण्याची संधी न मिळणे हे कारण इतिहासकाराला अधिक पटते.

असा काळ पुढे मिळाला तो शर्यतीच्या रूढ संघटनेबाहेर. 1974 मध्ये विट व विल्सन यांचा सायकलीच्या शास्त्रावरील ग्रंथ मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यापीठाकडून प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियात चेस्टर काइल व त्यांच्या सहकाऱ्यांनी आकाराचे कसलेही बंधन नसलेल्या मानवचालित वाहनांच्या शर्यती सुरू केल्या, आणि 1976 मध्ये त्यांची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. आडवी बैठक परत आली. आणि तिच्याबरोबर एक जुनी अडचणही नव्याने पुढे आली.

ही अडचण साखळीची. पेडल स्वाराच्या पुढे, चालते चाक त्याच्या मागे. म्हणजे साखळीने स्वाराच्या बैठकीखालून सगळी लांबी ओलांडावयाची. नेहमीच्या सायकलीला जेवढी साखळी लागते तिच्या दुप्पट-तिप्पट येथे लागते. ती मध्ये लोंबू नये म्हणून कप्प्या लावाव्या लागतात. कप्प्यांत घर्षण होते. तेल पायजम्याला लागते ते वेगळेच. अशा साखळीकडे पाहणाऱ्या कोणाही विचारी माणसाच्या मनात प्रश्न येतोच: पेडलच्या अगदी शेजारी एक चाक असताना दूरचे चाक का फिरवावयाचे? 1885 मध्ये पुढचे चाक सोडण्यास जी कारणे होती, त्यांपैकी स्वाराचे पेडल चाकापासून दूर गेले हे एक होते. आडव्या बैठकीने पेडल पुन्हा पुढच्या चाकाजवळ आणले. कारण उलटले, की निष्कर्षही पुन्हा तपासावयास हवा.

पण पुढचे चाक वळते, आणि तेथे खरा पेच आहे. पेडल सांगाड्याला पक्के बसवावे आणि चाक तेवढे वळू द्यावे, तर प्रत्येक वळणावर साखळीला पीळ पडतो. थोडा पीळ साखळी सोसते. काही युरोपीय कारखान्यांनी अशा सायकली यशस्वीपणे विकल्या आहेत. परंतु चाक फार वळविता येत नाही. दुसरा मार्ग असा की पेडल, साखळी, चिमटा आणि चाक ही सर्वच एका सांगाड्यात जखडावीत आणि तो सगळा पुढचा भाग वळू द्यावा. मग साखळी सरळ राहते व नेहमीच्या लांबीचीच पुरते. मात्र आता स्वाराचे पाय सुकाणूला बांधले गेले. उजवा पाय रेटला की त्या रेट्याचा काही अंश चाक वळविण्यात जातो, डावा रेटला की उलट. हातांनी हा झटका दर फेऱ्याला सावरावा लागतो. मोटारगाडीत हाच पेच सांध्यांनी सुटला. मोशे यांना बाद ठरविणाऱ्या 1934 ह्याच वर्षी पॅरिसमध्ये सित्रोएन कंपनीने पुढच्या चाकांना गती देणारी गाडी आणली होती. मोटारीत चालकाचे पाय यंत्राचा भाग नसतात, म्हणून तेथला उपाय येथे जसाच्या तसा लागू पडत नाही.

सायकलीच्या बाबतीत ह्या पेचाला धीटपणे भिडलेली रचना नेदरलँड्समधील ड्रॉन्टेन ह्या गावी 1980 च्या दशकात योहान व्रीलिंक यांनी केली. ड्रॉन्टेन हे समुद्राकडून मिळविलेल्या फ्लेवोलँड ह्या सपाट भूमीवर वसले आहे. त्यावरून सायकलीचे नाव 'फ्लेवोबाइक'. तिची विलक्षणता अशी की ती मधोमध मोडते. बैठकीखाली एक तिरपा सांधा असून त्याच्या पुढे पेडल व चालते चाक आणि मागे बैठक व मोकळे चाक. स्वार पायांनीच पुढचा भाग डोलवीत दिशा धरतो. सवय झालेला स्वार हात छातीशी बांधूनही जाऊ शकतो. इतरांनी जो दोष मानला, पाय आणि सुकाणू यांची गाठ, तोच व्रीलिंक यांनी सुकाणूचा मार्ग केला. हीच कल्पना जर्मनीतील यूर्गेन मागेस यांनी पुढे 'पायथन' ह्या सायकलीत निराळ्या भूमितीने वापरली: सांधा अशा कोनात ठेवला की दिशा वळताच स्वार किंचित वर उचलला जातो, आणि त्याचेच वजन सायकलीला पुन्हा सरळ करते.

ह्या सायकली शिकाव्या लागतात, आणि येथे इतिहासकाराने जरा थांबावयास हवे. वीस वर्षे रोज सायकल मारणारा मनुष्य फ्लेवोबाइकवर बसला की पहिल्याच मीटरला पडतो. तिच्यावर स्वार होण्यास काहींना तास लागतात, काहींना दिवस. ह्या अनुभवावरून 'हे यंत्र चालविण्यास अवघड' असा निर्णय चटकन दिला जातो. परंतु नेहमीची सायकल अवघड नाही हा समज कोणाचा? आडव्या दांड्याखालून पाय घालून हाफ पेडल मारीत, गुडघे फोडून घेत जी विद्या बालपणी शिकली गेली, तिचे कष्ट मोठेपणी विस्मरणात गेलेले असतात. एका यंत्राचे कौशल्य समाजाने सार्वत्रिक करून ठेवले आहे आणि दुसऱ्याचे नाही, ह्या फरकाला यंत्राचा गुणदोष समजणे ही साधनांची चिकित्सा न करता निष्कर्ष काढण्यासारखी चूक होय.

यंत्रांचे रूप गुणांवरून ठरते की समाजाच्या निवडीवरून, हा वाद सायकलीच्याच उदाहरणावर बराच झालेला आहे. 1984 मध्ये ट्रेव्हर पिंच व वीबे बाइकर यांनी एका प्रसिद्ध निबंधात असे मांडले की उंच सायकल तरुणांच्या दृष्टीने 'मर्दानी' आणि स्त्रिया व वृद्धांच्या दृष्टीने 'धोक्याची' होती. एकाच वस्तूत दोन यंत्रे होती, आणि कोणते खरे हे सामाजिक गटांच्या रस्सीखेचीत ठरले. बाइकर यांनी 1995 च्या ग्रंथात हे विवेचन वाढविले. सायकलीच्या इतिहासाचे अभ्यासक निक क्लेटन यांनी 2002 मध्ये त्यावर कठोर टीका केली: सिद्धांत जुन्या दुय्यम ग्रंथांतील चुकीच्या तपशिलांवर उभारला गेला आहे, असा तिचा रोख. क्लेटन यांचा आक्षेप पद्धतीच्या दृष्टीने योग्य आहे आणि विद्यार्थ्यांनी तो ध्यानात ठेवण्यासारखा आहे. तथापि वेलोकारच्या प्रकरणी 'निवड' हा शब्द रूपकाने वापरण्याची गरजच पडत नाही. तेथे संघ होता, निर्णय होता, तारीख होती, सेंटिमीटरही होते. सामाजिक शक्तीचे इतके ठळक प्रमाण यंत्रविद्येच्या इतिहासात क्वचितच सापडते. आश्चर्य असे की ह्या वादातील प्रसिद्ध उदाहरण 1885 च्या आसपासचे राहिले, 1934 चे झाले नाही. टॉनी हॅडलंड व हान्स-एर्हार्ट लेसिंग यांच्या 2014 च्या सचित्र इतिहासात आडव्या सायकलींना स्वतंत्र स्थान मिळाले, ही त्या मानाने उशिराची भरपाई.

अमेरिकेतही पुढचा सगळा भाग वळणाऱ्या रचनेवर टॉम ट्रेलर यांनी 1980 च्या दशकात काम केले होते. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात 'क्रूझबाइक' ह्या नावाने ती बाजारात आली; तीमागील कल्पना ऑस्ट्रेलियातील जॉन टॉलहर्स्ट यांची. प्रारंभी तर तयार सायकल न विकता, घरातील जुन्या सायकलीला जोडावयाचा संचच विकला जाई. ह्या रचनेत हातांचा उपयोग केवळ झटका सावरण्यापुरता राहिला नाही. चढावर स्वार हँडल ओढून पायांच्या रेट्यास हातांचे बळ जोडू शकतो, असा तिच्या पुरस्कर्त्यांचा दावा आहे. तीव्र व ओल्या चढावर पुढच्या चाकावरील भार कमी होऊन ते घसरते, हा दोष मात्र अग्रचक्रचालनाच्या स्वभावातच आहे आणि तो कोणी पुरता घालविलेला नाही.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे 4,800 किलोमीटरांची जी अखंड शर्यत होते, ती महाराष्ट्रात परिचयाची झाली ती नाशिकच्या महाजन बंधूंनी 2015 मध्ये व नागपूरच्या अमित समर्थ यांनी 2017 मध्ये ती पूर्ण केल्यामुळे. तिच्या आयोजकांनी आडव्या सायकलीला दार बंद ठेवलेले नाही. 2013 मध्ये त्या शर्यतीत एकट्याने धावणाऱ्या स्त्रियांत सर्वप्रथम अंतिम रेषा गाठली ती मारिया पार्कर यांनी, आणि त्यांचे वाहन पुढच्या चाकाने चालणारी आडवी क्रूझबाइक हे होते. 1.3.006 व्या कलमाप्रमाणे ती सायकल नव्हे.